जिल्हा परिषद शाळेत संगणक कक्ष: ठरावापासून पहिल्या तासापर्यंत

समग्र शिक्षा अभियानातून आमच्या पहिली ते आठवीच्या जिल्हा परिषद शाळेला आयसीटी लॅब, म्हणजे संगणक कक्ष, मिळाली. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव ऑगस्टमध्ये झाला. मुले प्रत्यक्ष संगणकासमोर बसली तेव्हा मधले सबंध एक शैक्षणिक वर्ष उलटून पुढच्याचा जानेवारी उजाडला होता. एवढा वेळ का लागतो, मधल्या काळात काय करून ठेवायचे आणि कुठे अडते, हे शेजारच्या केंद्रातले, म्हणजे शेजारच्या शाळासमूहातले, मुख्याध्यापक वरचेवर विचारतात. त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहीत आहे.

आधी पैसा. या योजनेत आयसीटी लॅबसाठी एका शाळेला एकदाच मिळणारा, म्हणजे अनावर्ती खर्च ६.४० लाख रुपयांपर्यंत असतो. आवर्ती खर्च वर्षाला २.४० लाखांपर्यंत, पाच वर्षे. लॅबऐवजी दोन स्मार्ट वर्गखोल्या मिळाल्या तर अनावर्ती २.४० लाख आणि आवर्ती ३८ हजार. महाराष्ट्रात यातला ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. एवढी रक्कम शाळेच्या खात्यात येईल असे धरून चालू नका. साहित्याची खरेदी वरच्या पातळीवर निविदेने झाली तर शाळेत फक्त खोकी येतात. आवर्ती रकमेतून शिक्षकाचे मानधन, देखभाल, इंटरनेट यांपैकी काय द्यायचे, हे ज्या त्या आदेशात लिहिलेले असते. तो आदेश गटसाधन केंद्रातून, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण साहाय्य केंद्रातून, मागून घ्या आणि फाइलला लावा. लॅब सहावी ते बारावीच्या वर्गांसाठी आहे, त्यामुळे पाचवीपर्यंतच्या शाळेने या मार्गाने जाण्यात अर्थ नाही. तिला ग्रामपंचायत, जिल्हा नियोजन समिती किंवा आमदार-खासदार निधी हेच रस्ते.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, संगणक कक्ष कुठल्याही एका लेखाशीर्षातून, म्हणजे खर्चाच्या एका सरकारी खात्यातून, उभा राहत नाही. यंत्रे एका लेखाशीर्षातून येतात, खोलीची दुरुस्ती दुसऱ्यातून होते, वायरिंग आणि अर्थिंग तिसऱ्यातून, वीजबिल चौथ्यातून. मंजुरी फक्त पहिल्याची येते. बाकीचे तीन धागे शाळेने आधीपासून ओढत ठेवले नाहीत, तर खोकी कार्यालयाच्या कोपऱ्यात पडून राहतात आणि हमीचा काळ सरत जातो.

सुरुवात यू-डायस प्लसपासून, म्हणजे दरवर्षी शाळेची माहिती भरायच्या सरकारी प्रणालीपासून, होते. कोणत्या शाळेला लॅब नाही, हे वरच्या कार्यालयांना या माहितीतूनच दिसते. अर्जात डिजिटल सुविधांचा भाग असतो. तिथे संगणक, लॅपटॉप, टॅबलेट, प्रोजेक्टर यांची एकूण संख्या वेगळी आणि चालू स्थितीतली संख्या वेगळी विचारलेली असते. आयसीटी लॅब आहे का, असेल तर कोणत्या वर्षापासून, कोणत्या पद्धतीने, शिकवायला कोण आहे, हेही प्रश्न असतात. कधीकाळी एखाद्या निधीतून आलेले आणि आता बंद पडलेले चार संगणक कपाटात आहेत म्हणून लॅबच्या प्रश्नाला ‘होय’ लिहिले, तर शाळा गरजू शाळांच्या यादीतून आपोआप बाहेर जाते. त्या चार यंत्रांची एकूण संख्या चार लिहायची, चालू शून्य, आणि लॅब ‘नाही’. हीच वस्तुस्थिती आहे आणि ती तशीच लिहिली पाहिजे. विजेच्या रकान्याचेही तसेच. जोडणी आहे पण बंद आहे, यासाठी वेगळा पर्याय असतो. तो निवडायला संकोच वाटतो, पण खोटे ‘चालू’ लिहिल्यावर वीज दुरुस्तीची मागणी कुठल्या आधारावर करणार? केंद्रप्रमुखांची तपासणी होऊन गटपातळीवर माहिती कुलूपबंद झाली की दुरुस्तीसाठी बहुतेक वेळा पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. म्हणून भरलेल्या अर्जाची प्रत छापून एकदा सहशिक्षकांबरोबर ओळीने वाचावी.

जुन्या शाळांनी आणखी एक गोष्ट तपासावी. केंद्राची आयसीटी ॲट स्कूल्स योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि २०१० मध्ये तिचे स्वरूप सुधारले गेले. त्या काळात महाराष्ट्रात अनेक माध्यमिक शाळांत ‘बूट’ पद्धतीने लॅब आल्या. कंपनीने कक्ष उभारायचा, पाच वर्षे चालवायचा आणि मग शाळेला हस्तांतरित करायचा, अशी ती पद्धत. करार संपला की यंत्रे शाळेच्या नावावर आली आणि कंपनीने नेमलेले शिक्षक मात्र राहिले नाहीत. अशा शाळेच्या नावापुढे ‘लाभ घेतलेला आहे’ अशी नोंद असू शकते. मग नव्या लॅबऐवजी स्मार्ट वर्गाची मागणी करणे शहाणपणाचे. हस्तांतरणाचे पत्र जपून ठेवले नसेल तर ती जुनी यंत्रे कागदोपत्री कोणाची, इथपासून प्रश्न येतो.

जुनी बंद यंत्रे निर्लेखित करून, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी करून, घेणे हे याच टप्प्यावरचे काम. खरेदीची तारीख, किंमत, अनुक्रमांक यांची यादी, दुरुस्तीयोग्य नसल्याचा तांत्रिक दाखला, समितीचा ठराव आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव. मंजुरीनंतरही ती भंगारवाल्याला देता येत नाहीत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ती नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच गेली पाहिजेत. तालुक्यातल्या दहा-बारा शाळांनी एकत्र यादी केली तर गाडी शाळेपर्यंत येते, एकट्या शाळेसाठी कोणी येत नाही.

ऑगस्टच्या ठरावाचा मजकूर नेमका हवा. ‘शाळेस संगणक मिळावेत’ एवढ्याने काही साधत नाही. आमच्या ठरावात शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक, सहावी ते आठवीची पटसंख्या, उपलब्ध खोलीचे माप, छताची स्थिती, विजेचा मंजूर भार (एका वेळी किती वीज वापरता येते ती मर्यादा) आणि सध्याच्या चालू यंत्रांची संख्या होती. शेवटी, खोलीची सुरक्षा आणि वीजबिल याची जबाबदारी समिती घेते, असे एक वाक्य होते. या वाक्यावर बैठकीत बराच वेळ चर्चा झाली आणि ती होणे चांगलेच. पालकांना आपण कशाला हात घालतो आहोत हे कळते. इतिवृत्ताची साक्षांकित प्रत, खोलीचे फोटो आणि मागणीपत्र असा संच केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकारी कार्यालयात दिला. आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका. पुढे प्रत्येक पत्रात तोच आवक क्रमांक संदर्भ म्हणून लिहायचा. कर्मचारी बदलले तरी कागद सापडतो.

यानंतर प्रस्ताव आपल्या हातात राहत नाही. हिवाळ्यात जिल्ह्याची वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक तयार होते. ते मुंबईला महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडे जाते, तिथून राज्याचा एकत्रित आराखडा दिल्लीला प्रकल्प मान्यता मंडळापुढे ठेवला जातो. मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त शिक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर येते. त्यात राज्याला किती लॅब मंजूर झाल्या हे दिसते. मंजुरीनंतर निधी, निविदा, पुरवठा आदेश. म्हणजे मागणी आणि खोकी यांच्यात एक अंदाजपत्रकी वर्ष जाणारच. ही वाट पाहणे जिवावर येते, कारण विचारायला गेले की ‘वरून आलेले नाही’ एवढेच उत्तर मिळते आणि सांगणाऱ्यालाही खरोखर त्याहून जास्त माहीत नसते. आम्ही तो काळ विजेच्या कामाला दिला.

आधी वीजबिल हातात घ्या. त्यात तीन गोष्टी पाहायच्या: थकबाकी, मंजूर भार आणि दरवर्गवारी. थकबाकी असेल तर भारवाढ होत नाही. जिल्हा परिषदेची शाळा ‘एलटी सात अ, सार्वजनिक सेवा शासकीय’ या वर्गात असली पाहिजे. जुन्या जोडण्यांवर कधी कधी वाणिज्यिक दर लागलेला आढळतो. तसे असेल तर बिलाची प्रत आणि शाळेचे पत्र देऊन महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात वर्गवारी बदलून घ्या. लॅब सुरू झाल्यावर बिल वाढते, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो.

भाराचा हिशेब सोपा आहे. एक संगणक आणि एलईडी पडदा मिळून वापरात १०० ते १५० वॅट घेतात. दहा संचांचे दीड किलोवॅट धरा. चार पंखे ३०० वॅट, प्रोजेक्टर तेवढाच, दिवे आणि नेटवर्कचे साहित्य शंभर-दीडशे. लेझर प्रिंटर तापताना क्षणभर पाचशेच्या वर जातो. एकूण अडीच ते पावणेतीन किलोवॅट. आमच्या बिलावर मंजूर भार अर्धा किलोवॅट होता, मागणी तीन किलोवॅटची केली. अर्जाबरोबर परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो, म्हणून आतले वायरिंग आधी आणि अर्ज नंतर हा क्रम पाळा.

वायरिंगवर कंजुषी करू नये. मीटरपासून कक्षापर्यंत ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, सॉकेटसाठी २.५, दिवे-पंख्यांसाठी १.५. संगणकांचे तीन वेगळे गट आणि प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी, म्हणजे बिघाड होताच आपोआप पडणारा खटका. एका गटात बिघाड झाला तर बाकीची यंत्रे चालू राहतात. गळती ओळखणारी आरसीसीबी बसवताना वायरमनला एक गोष्ट आवर्जून सांगा: तिच्या पुढच्या सर्किटांचा न्यूट्रल शाळेच्या बाकीच्या न्यूट्रलमध्ये मिसळायचा नाही. मिसळला की ती कारण नसताना पडत राहते. मग कोणीतरी वैतागून ती काढून थेट जोडणी करतो आणि मुलांच्या जिवाचे संरक्षणच जाते.

अर्थिंगचे तर विचारूच नका. बहुतेक शाळांत तिसऱ्या पिनला वायर असते, पण ती जमिनीपर्यंत पोचलेली नसते. लक्षण ओळखणे सोपे आहे: यंत्राच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. कक्षासाठी स्वतंत्र खड्डा घ्या. मल्टिमीटरने सॉकेटमधल्या न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्टेज मोजायला लावा, वापर चालू असताना ते दोन-तीन व्होल्टच्या आत हवे. खडकाळ जमिनीत आणि उन्हाळ्यात खड्डा सुकला की आकडा चढतो, म्हणून एप्रिल-मे महिन्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी. वायरिंग, दोन अर्थिंग आणि भारवाढ मिळून आमचा खर्च साठ हजारांच्या आसपास गेला. लोखंडी जाळीचे दार आणि खिडक्यांचे गज यांचे वीस हजार वेगळे.

हे पैसे आले ग्रामपंचायतीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून, थोडे संयुक्त शाळा अनुदानातून आणि उरलेले लोकवर्गणीतून. ग्रामपंचायतीकडे ऐनवेळी जाऊन चालत नाही. पुढच्या वर्षाचा गाव विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेतो. काम त्या आराखड्यात नावानिशी आले आणि ई-ग्रामस्वराज या ग्रामपंचायतींच्या ऑनलाइन प्रणालीवर चढले तरच खर्च पडतो. सप्टेंबरमध्येच ग्रामसेवकांना अंदाजपत्रकासह पत्र द्या. ‘शाळा विकास’ असे मोघम न लिहिता ‘संगणक कक्ष विद्युतीकरण व अर्थिंग’ असे लिहायला सांगा. संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते: १०१ ते २५० पटाला वर्षाला ५० हजार. पण त्यातूनच खडू-कागदापासून स्वच्छतेपर्यंत सगळे भागवायचे असते आणि ते हप्त्यांनी येते, त्यामुळे त्यावर मोठा भरवसा ठेवू नये. लोकवर्गणीची प्रत्येक रक्कम पावती देऊन समितीच्या बैठकीत वाचून दाखवली. कुणी शंका घेण्याआधीच हिशेब समोर असावा.

खोली वीस बाय वीस फुटांची पुरते. टेबले तिन्ही भिंतींना लावली की शिक्षकाला मध्ये उभे राहून सगळे पडदे दिसतात आणि वायरी भिंतीलगत राहतात. कार्यालयी टेबलाची उंची साधारण ७५० मिलिमीटर असते. सहावीतल्या मुलांसाठी ती जास्त होते, खांदे वर उचलून टंकावे लागते. ६५० ते ६८० ठेवा. पश्चिमेच्या खिडकीसमोर पडदा येऊ देऊ नका. विजेची आणि नेटवर्कची वायर एकाच पट्टीतून नेऊ नका, आणि पट्ट्यांची तोंडे बंद करा, उंदीर तिथूनच शिरतात. कॅट-सिक्स केबलचा एक पदर जादा ओढून ठेवा, नंतर पट्टी उचकटावी लागत नाही.

साहित्य डिसेंबरमध्ये आले, आधी फक्त एक फोन आणि मग टेम्पो. इथे सगळ्यात जपायचे. पोचपावतीवर आधीच छापलेले असते: ‘सर्व साहित्य सुस्थितीत व चालू अवस्थेत प्राप्त झाले.’ खोकी सीलबंद असताना अशी सही करायची नाही. आम्ही हाताने लिहिले, ‘इतकी खोकी सीलबंद मिळाली, आतील साहित्याची तपासणी बाकी’, मग सही, शिक्का आणि तारीख. गाडीवाला घाईत असतो, पण तो हे चालवून घेतो. जोडणीसाठी तंत्रज्ञ आल्यावर प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक चलनाशी जुळवा. यंत्र सुरू करून प्रोसेसर, रॅम आणि एसएसडीची क्षमता पुरवठा आदेशातल्या तपशिलाशी ताडून पाहा. दोन पडद्यांवरचे अनुक्रमांक चलनात अदलाबदल झालेले निघाले. ते तिथेच दुरुस्त करून घेतले, नाहीतर हमीची तक्रार नोंदवताना क्रमांक जुळत नाही. हमी कोणत्या तारखेपासून मोजायची, बिलाच्या की जोडणीच्या, ते आदेशात वाचा आणि जोडणी अहवालावर त्या दिवसाची तारीख टाकून घ्या. तंत्रज्ञ जाण्यापूर्वी प्रशासक खात्याचा पासवर्ड, तक्रार नोंदवण्याचा क्रमांक आणि प्रणाली पुन्हा बसवण्याचा पेनड्राइव्ह मागून घ्या. पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात.

जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, ‘संगणक संच १०’ अशी एका ओळीत नोंद करू नका. प्रत्येक संच, यूपीएस, प्रत्येक बॅटरी, स्विच, प्रिंटर वेगळ्या ओळीत, अनुक्रमांकासह. बदली झाली की कार्यभार याच पानावरून दिला-घेतला जातो. किंमत कळवलेली नसेल तर गटसाधन केंद्राकडून पुरवठा आदेशाची प्रत घेऊन लिहा. निर्लेखनाच्या वेळी हा रकाना रिकामा असला की प्रस्ताव परत येतो.

जानेवारीत तास सुरू झाले. सातवीचा पट ३८, यंत्रे दहा. सगळा वर्ग एकदम आत घेतला तर एका यंत्राला चौघे, म्हणजे एक जण काम करतो आणि तिघे बघतात. आम्ही वर्गाचे दोन भाग केले. १९ मुले यंत्रांवर दोघादोघांनी बसतात, उरलेली १९ शेजारच्या खोलीत वहीवर आज्ञांचा क्रम लिहितात, पुढच्या तासाला अदलाबदल. माउस दर दहा मिनिटांनी दुसऱ्याकडे गेलाच पाहिजे, आणि ते घड्याळ लावून करावे लागते. नाहीतर मुलींच्या हाती तो फार कमी येतो. हे पाहून मन अस्वस्थ होते, आणि नियम केल्याशिवाय ते बदलतही नाही.

अनुभवाने सांगतो, पहिले दोन आठवडे इंटरनेट न जोडता काढा. चित्रांसाठी टक्स पेंट, लहानांसाठी जीकॉम्प्री, गणितासाठी जिओजेब्रा, आज्ञावलीसाठी स्क्रॅचची जोडणीविना चालणारी आवृत्ती, लेखनासाठी लिब्रेऑफिस. सगळे मोफत आहे. मराठी टंकलेखन पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कळपाटावर शिकवा. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने ही रचना मुलांच्या लवकर लक्षात येते, आणि तोच कळपाट पुढे हिंदीला आणि इतर भारतीय लिपींनाही चालतो.

बिघाड बहुतेक ठरलेलेच असतात. यंत्र सुरू होते पण पडदा काळा राहतो: वीज काढून रॅमची पट्टी बाहेर घ्या, तिचे सोनेरी टोक खोडरबराने पुसून परत बसवा. मात्र हमी चालू असताना आधी तक्रार नोंदवा, संगणकाचे खोके स्वतः उघडू नका. तारीख मागे जाते आणि संकेतस्थळे ‘असुरक्षित’ म्हणून उघडत नाहीत: मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा छोटा सेल संपलेला असतो. यूपीएस लगेच बंद पडतो: लेझर प्रिंटर त्याच्यावर जोडलेला नाही ना, ते पाहा. प्रिंटर थेट विजेवरच हवा.

तीन केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस आणि २६ अँपिअर-तासाच्या आठ बॅटऱ्या नव्या असताना दहा यंत्रांना पाऊण तासाच्या आसपास चालवतात, म्हणजे एक तासिका जेमतेम निभते. लाइनमनला देखभालीचा वार विचारून त्या दिवशी संगणकाचा तास ठेवू नका. मेच्या सुट्टीत मुख्य स्विच बंद करून यूपीएस तसाच सोडला तर तो बॅटऱ्या शोषून घेतो आणि जूनमध्ये त्या पुन्हा भरत नाहीत. सुट्टीपूर्वी त्या पूर्ण भरून बॅटरीचा खटका पाडा आणि महिन्यातून एकदा कोणीतरी जाऊन चार-पाच तास चार्ज करा. पावसाळ्यात उलट: दमटपणा धरू नये म्हणून प्रत्येक यंत्र आठवड्यातून किमान अर्धा तास चालले पाहिजे, आणि विजांचा कडकडाट सुरू झाला की पिना भिंतीतून काढायच्या, इंटरनेटच्या राउटरचीसुद्धा.

बॅटऱ्यांचे आयुष्य साधारण तीन वर्षे. लॅबची आवर्ती तरतूद पाच वर्षांची. म्हणून बॅटरी बदलाचे मागणीपत्र दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यातच, जिल्ह्याचा आराखडा तयार होत असताना, जोडणी अहवालाची प्रत जोडून गटसाधन केंद्रात द्यायचे. आमचे गेले आहे, पोच फाइलला लावली आहे.